ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये फोटो दिसत नाहीत: एका स्टोअरच्या डेटाबेसची पूर्ण केस

एका वर्कशॉपच्या स्टोअरचा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधला डेटाबेस. स्पेअर पार्टच्या नोंदी, प्रत्येक पार्टचं एक कार्ड म्हणजे फॉर्म, आणि कार्डावर उजवीकडे त्या पार्टचा फोटो. हा फोटो शोभेसाठी नव्हता, एकसारखी दिसणारी ऑइल सील आणि बेअरिंग यांच्यात नुसता नंबर वाचून गडबड होते म्हणून माल देणाऱ्याने फोटो बघून खात्री करायची अशी तिथली पद्धत होती. बॅकएंड म्हणजे टेबलांची फाइल सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, फ्रंटएंड म्हणजे फॉर्म आणि कोड असलेली फाइल प्रत्येकाच्या पीसीवर. मग नवीन पीसी आले, त्यांच्यावर नवीन ऑफिस टाकलं गेलं आणि लगेच तक्रार सुरू झाली, "फोटो गेले सगळे".

माझ्याकडे हे आलं तोपर्यंत ऑफिस काढून परत टाकून झालं होतं, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर, म्हणजे ॲक्सेसची फाइल दुरुस्त करून आवळायची सोय, मारून झालं होतं, डिस्प्लेचा ड्रायव्हरसुद्धा कोणीतरी बदलला होता, आणि कशानेच फरक पडला नव्हता. असं होतं कारण "फोटो दिसत नाही" हा एक बिघाड आहे असं धरून सगळे उपाय चाललेले असतात. प्रत्यक्षात ते फक्त लक्षण आहे, त्याच्यामागे एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच बिघाड एकाच वेळी असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. इथे नेमकं तसंच होतं.

म्हणून आधी काहीही न बदलता दोनच गोष्टी विचारल्या. सगळ्यांचे दिसत नाहीत की काहींचे? आणि सगळ्या पीसीवर दिसत नाहीत की काही पीसीवर? मग एकाच नोंदीचं कार्ड जुन्या पीसीवर आणि नव्या पीसीवर शेजारी शेजारी उघडून बघितलं, असं जुन्या नोंदींपासून नव्यापर्यंत थोड्या थोड्या अंतराने केलं. चित्र बरंच साफ झालं. सगळ्यात जुन्या नोंदींपैकी काहींवर फोटोच्या जागी छोटा आयकॉन आणि खाली फाइलचं नाव, आणि हे सगळ्याच पीसीवर सारखं, जुन्यावरही. मधल्या काळातल्या नोंदी जुन्या पीसीवर व्यवस्थित पण नव्यावर कोऱ्या. अगदी अलीकडच्या काही नोंदी सगळीकडे कोऱ्या. आणि एका पीसीवर पाथने, म्हणजे टेबलात लिहिलेल्या फाइलच्या पत्त्यावरून, येणारा एकही फोटो दिसत नव्हता. म्हणजे "नवीन ऑफिसमुळे फोटो गेले" हे फक्त एका गटापुरतं खरं वाटत होतं, तेही शेवटी तसं निघालं नाही.

पण ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी जाता जाता सांगितली. "अहो, कधीकधी सीलच्या कार्डावर बेअरिंगचा फोटो येतो, परत उघडलं की कोरं असतं." बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. मला मात्र ते ऐकून काळजी वाटली, कारण कोरी चौकट माणसाला सावध तरी करते, पण चुकीचा फोटो बघून माणूस निर्धास्तपणे चुकीचा पार्ट देतो.

कोड उघडला. फॉर्मच्या ऑन करंट इव्हेंटवर, म्हणजे नोंद बदलली की दर वेळी चालणाऱ्या जागी, मोजक्या ओळी होत्या. पहिली ओळ ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट, पुढची ओळ टेबलातला पाथ उचलून इमेज कंट्रोलच्या, म्हणजे फोटोच्या चौकटीच्या, पिक्चर प्रॉपर्टीमध्ये टाकणारी. आता हे कसं चालतं ते बघा. तुम्ही एका नोंदीवरून पुढच्या नोंदीवर गेलात, तिथला पाथ चुकीचा आहे, ॲक्सेस फाइल उघडायला जातं, उघडता येत नाही, एरर येते, पण पहिल्या ओळीने सांगून ठेवलंय की एरर आली तर गप्प बस आणि पुढे चल, त्यामुळे पिक्चर प्रॉपर्टीमध्ये आधीच्या नोंदीचा फोटो आहे तसाच राहतो. म्हणजे बेअरिंगवरून सीलवर आलात तर सीलच्या कार्डावर बेअरिंग. आणि तेच कार्ड फॉर्म नव्याने उघडून पहिलं आणलंत तर आधीचा फोटोच नाही म्हणून कोरं. काकांनी सांगितलेलं शब्दशः बरोबर होतं.

ही ओळ अशा डेटाबेसमध्ये इतक्या ठिकाणी सापडते की मला त्याचं खरंच वाईट वाटतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, युजरला एररची खिडकी दिसू नये एवढाच, पण त्यामुळे बिघाड काय आहे हे सांगणारा एकमेव साक्षीदार गप्प होतो. ॲक्सेस प्रत्येक वेळी कारण सांगत होतं आणि ती ओळ ते प्रत्येक वेळी पुसून टाकत होती.

तर पहिला बदल असा केला. नोंद बदलली की आधी पिक्चरमध्ये रिकामी स्ट्रिंग टाकायची, म्हणजे जुना फोटो जाणारच, मग नवीन पाथ लावायचा, आणि एरर आली तर तिचा नंबर आणि तो पाथ फोटोच्या खाली एका लेबलमध्ये दाखवायचा. पाथचं फील्ड रिकामं असेल तर एनझेड फंक्शनने आधीच पकडायचं. शिवाय डिझाइन करतानाच त्या लेबलवर "कोड चालला नाही" असं लिहून ठेवलं, म्हणजे कोड चालला तर ते पुसलं जाईल आणि नाही चालला तर तसंच दिसत राहील. एक बारीक गोष्ट, व्हीबीए म्हणजे ॲक्सेसमध्ये कोड लिहायची भाषा, तिच्या एडिटरमध्ये देवनागरी लिहिता येत नाही, प्रश्नचिन्हं येतात, म्हणून कोडने दाखवायचे मराठी मेसेज एका छोट्या टेबलात ठेवून तिथून वाचले. हे झाल्यावर चुकीचा फोटो दिसणं तिथेच बंद झालं. बाकीचे फोटो अजून परत आले नव्हते, पण आता प्रत्येक कोरी चौकट स्वतःचं कारण सांगत होती.

नव्या पीसीवर मधल्या नोंदी उघडल्या की लेबलवर यायचं २२२०, म्हणजे ॲक्सेसला ती फाइल उघडता येत नाही. पाथ सगळे झेड ड्राइव्हचे. जुन्या पीसीवर शेअर्ड फोल्डर झेड अक्षराला मॅप केलेला होता, नव्या पीसी लावणाऱ्याने कुठे वाय दिलं होतं, कुठे दिलंच नव्हतं. ह्यात ऑफिसच्या व्हर्जनचा काही संबंध नाही, कारण मॅप केलेलं अक्षर ही त्या पीसीवरच्या त्या युजरची खाजगी सोय आहे, डेटाबेसमध्ये लिहून ठेवायची वस्तू नव्हे. एका पीसीवर तर झेड होता, फाइल एक्सप्लोररमधून फोटो उघडतही होता, तरी ॲक्सेस २२२० च देत होतं. तिथे शॉर्टकटच्या प्रॉपर्टीमध्ये "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" ला टिक होती. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमचं लॉगऑन सेशन वेगळं असतं आणि साध्या सेशनमध्ये मॅप केलेले ड्राइव्ह त्याला साधारणपणे दिसत नाहीत. कंट्रोल जी दाबून इमीजिएट विंडो, म्हणजे कोडची एकेक ओळ चालवून बघायची खिडकी, उघडली, तिथे फाइल आहे का ते सांगणाऱ्या डिर फंक्शनला तो पाथ दिला तर रिकामी ओळ आली, टिक काढून ॲक्सेस परत उघडल्यावर त्याच पाथला फाइलचं नाव आलं. असं काही अडलं की हीच तपासणी आधी करावी, फॉर्म, कंट्रोल, कोड सगळं बाजूला ठेवून नुसतं विचारायचं की ॲक्सेसला ही फाइल दिसते का.

सगळ्या पीसीवर झेड मॅप करून दिला असता तर हे तेवढ्यापुरतं मिटलं असतं. पण पुढे सर्व्हर बदलला की परत तेच. म्हणून टेबलात पूर्ण पाथ ठेवणंच बंद केलं. टेबलात फक्त फाइलचं नाव, आणि फोल्डर कुठला हे एका सेटिंगच्या टेबलात एकदाच, तेही ड्राइव्हच्या अक्षराने नाही तर डबल बॅकस्लॅश आणि सर्व्हरचं नाव अशा नेटवर्क पाथने. जुन्या पाथमधून नाव वेगळं काढायला अपडेट क्वेरी पुरली, इनस्ट्ररेव्हने शेवटचा बॅकस्लॅश शोधायचा आणि मिडने त्याच्या पुढचं उचलायचं. क्वेरी चालवण्याआधी बॅकएंडची कॉपी काढून ठेवली हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण अपडेट क्वेरीला अनडू नसतो.

मग सगळ्या नोंदींवरून फिरून फाइल जागेवर आहे की नाही बघणारा एक कोड लिहिला आणि न सापडलेली नावं वेगळ्या टेबलात टाकली. इथे एक जागा आहे जिथे मराठीत काम करणारा हमखास अडकतो. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर व्हीबीएच्या डिर फंक्शनवर विसंबून चालत नाही, ते विंडोजच्या जुन्या कोडपेजने काम करतं, त्यात देवनागरी बसत नाही, आणि फाइल समोर असून नाही म्हणून सांगतं. फाइलसिस्टिमऑब्जेक्टचं फाइलएक्झिस्ट्स वापरलं की युनिकोड नावं नीट ओळखली जातात. तेवढं बदलल्यावर "हरवलेल्या" फोटोंची यादी एकदम आखडली. पुढे फाइलची नावं पार्टच्या कोडनेच ठेवायची असं ठरवलं, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. मला मराठी नावं आवडतात, पण ती टेबलातल्या वर्णनाच्या फील्डमध्ये असावीत, फाइलच्या नावात असण्याचा इथे कोणाला फायदा नव्हता.

उरलेल्या यादीत किरकोळ प्रकार. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं त्यामुळे कोणीतरी नावापुढे हाताने डॉट जेपीजी लिहिलेलं आणि खरं नाव झालेलं डॉट जेपीजी डॉट जेपीजी. काही ठिकाणी टेबलात नावाच्या आधी स्पेस, डोळ्याला दिसत नाही पण लेन फंक्शनने लांबी मोजली की एक अक्षर जास्त निघतं. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय चालू करून आणि ट्रिम लावून हे संपलं.

ज्या एका पीसीवर पाथने येणारा एकही फोटो दिसत नव्हता तिथे लेबलवर "कोड चालला नाही" तसंच राहिलेलं. तो फ्रंटएंड मेलमधून उतरवून घेतला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं, आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलमधला व्हीबीए कोड आपोआप अडवतं, वर लाल पट्टी येते आणि त्यावर कोड चालू करायचं बटणही नसतं. ती पट्टी तिथल्या माणसाने बंद करून टाकली होती, आणि फॉर्म तर व्यवस्थित उघडत होता, त्यामुळे कोडचा संशय कोणालाच आला नाही. फाइलच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन अनब्लॉकला टिक केली, आणि फ्रंटएंड ज्या फोल्डरमध्ये असतो तो ट्रस्ट सेंटरमधून ट्रस्टेड लोकेशन केला. फ्रंटएंड नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये असेल तर तिथे त्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते, शक्यतो तो पीसीच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवावा.

अलीकडच्या नोंदी, ज्या सगळीकडे कोऱ्या होत्या, त्यांना नंबर येत होता २११४. फाइल सापडली, पण तिचा फॉरमॅट चालत नाही किंवा ती फार मोठी आहे. नाव तर डॉट जेपीजी. आणि फोटो मेलवर, मोबाइलवर उघडत होते, म्हणून सगळ्यांचं म्हणणं की फाइल चांगली आहे आणि ॲक्सेसच बिघडलंय. अशी एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत बहुतेक कचरा दिसतो, पण पहिली ओळ बोलते. खऱ्या जेपीजीच्या सुरुवातीला जेएफआयएफ किंवा एक्झिफ अशी अक्षरं दिसतात, पीएनजीच्या सुरुवातीला पीएनजी, बिटमॅपच्या सुरुवातीला बीएम. इथे दिसलं एफटीवायपी आणि त्याला चिकटून एचईआयसी. म्हणजे फोटो एचईआयसी फॉरमॅटचा, कोणीतरी नुसतं नाव बदलून जेपीजी केलेलं. आयफोन २०१७ मधल्या आयओएस ११ पासून, ज्या मॉडेलना ते जमतं त्यांच्यावर, ह्या फॉरमॅटमध्ये फोटो काढतो. काही व्ह्यूअर फाइलच्या नावाकडे न बघता आतला मजकूर ओळखून उघडतात, ॲक्सेसच्या इमेज कंट्रोलला तो फॉरमॅट झेपत नाही. नाव बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही, फोटो कन्व्हर्टच करावा लागतो. सगळे कन्व्हर्ट केले, आणि फोटो काढणाऱ्याच्या फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली "मोस्ट कम्पॅटिबल" निवडून दिलं, म्हणजे पुढचे फोटो मुळातच जेपीजी येतील.

आता राहिल्या सगळ्यात जुन्या नोंदी, आणि इथेच सगळ्यात जास्त मेहनत गेली. ह्या नोंदींचे फोटो बाहेर फाइल म्हणून नव्हतेच, ते टेबलातच ओएलई ऑब्जेक्ट फील्डमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमची वस्तू आत ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या फील्डमध्ये, कोंबलेले होते. ओएलईचं असं आहे की फोटो टाकताना त्या पीसीवर जेपीजीसाठी कुठला प्रोग्रॅम ओएलई सर्व्हर म्हणून नोंदलेला आहे त्याला ॲक्सेस विचारतं, तो फोटोची एक प्रतिमा बनवून देतो आणि ती मूळ डेटाबरोबर फील्डमध्ये साठते. ऑफिस एक्सपीपर्यंत फोटो एडिटर नावाचा प्रोग्रॅम यायचा, तो हे काम करायचा. ऑफिस २००३ मध्ये तो जाऊन पिक्चर मॅनेजर आला, आणि तो ओएलई सर्व्हर नाही. असा सर्व्हर नसलेल्या पीसीवरून फोटो टाकला की ॲक्सेस त्याचं पॅकेज बनवतं, म्हणजे आयकॉन आणि फाइलचं नाव, बस. त्यामुळे फोटो दिसणार की आयकॉन हे आज बघणाऱ्या पीसीवर ठरत नव्हतं, ज्या दिवशी टाकला त्या दिवशीच्या पीसीवर ठरून गेलं होतं. आजच्या पीसीवर कितीही वेळा ऑफिस टाका, त्या नोंदी बदलणार नाहीत. तिथल्या लोकांना हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं, कारण सगळं नवीन पीसीनंतर सुरू झालं अशी पक्की समजूत, आणि खरं म्हणजे आयकॉन आधीपासूनच होते, ह्या गडबडीत सगळे बारकाईने बघायला लागले म्हणून नजरेत आले.

दुसरा प्रश्न आकाराचा. ओएलईची ती दाखवायची प्रतिमा कॉम्प्रेस न केलेल्या बिटमॅपसारखी असते. १६०० बाय १२०० चा फोटो धरा, दर पिक्सेलला ३ बाइट म्हणजे ५७ लाख ६० हजार बाइट, साडेपाच एमबीच्या आसपास, मूळ जेपीजी काहीशे केबीचा असला तरी. आणि ॲक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी. म्हणजे असे पावणेचारशे फोटो भरायच्या आतच फाइल तुडुंब. बॅकएंड एवढा फुगलेला होता तो पार्ट वाढल्यामुळे नव्हे, ह्याच्यामुळे.

पॅकेजमधून फोटो बाहेर काढता येतो, कारण आत मूळ फाइल जशीच्या तशी असते, फक्त तिच्या पुढेमागे ओएलईचं वेष्टण. फील्डमधले बाइट वाचत जायचे, एफएफ डी८ एफएफ ही जेपीजीची सुरुवात सापडली की तिथपासून कापायचं आणि फाइलमध्ये लिहायचं. शेवटाची एफएफ डी९ ही खूण शोधताना मात्र जपून, कॅमेऱ्याच्या फोटोत आत एक छोटा थंबनेल असतो आणि त्याचीही तीच खूण असते, पहिल्याच खुणेला थांबलात तर फोटो अर्धवट निघतो. म्हणून शेवट मागच्या बाजूने शोधला. पॅकेज नसलेले, म्हणजे फोटो एडिटरने टाकलेले, ते अजून जिवंत असलेल्या एका जुन्या पीसीवर डबल क्लिक करून उघडले आणि जेपीजी म्हणून सेव्ह केले. कंटाळवाणं काम, पण तो पीसी भंगारात जायच्या आधी झालं हे बरं झालं.

काढलेले फोटो त्याच फोल्डरमध्ये, पार्टच्या कोडच्या नावाने. ॲटॅचमेंट फील्डचा पर्याय होता, ॲक्सेस २००७ पासून तो आहे आणि ओएलईसारखा फुगवटा त्यात नाही. थोडे आणि लहान फोटो असते तर मी तोच घेतला असता, सगळं एका फाइलमध्ये राहतं. इथे फोटो वाढत जाणारे आणि २ जीबीची भिंत तीच, म्हणून बाहेरचं फोल्डर.

शेवटी कोडचीही फारशी गरज उरली नाही. २००७ पासून इमेज कंट्रोलला कंट्रोल सोर्स प्रॉपर्टी आहे, तिथे फोल्डर आणि फाइलचं नाव जोडणारं एक्स्प्रेशन दिलं की प्रत्येक नोंदीला तिचा तिचा फोटो येतो. कंटिन्युअस फॉर्ममध्ये, म्हणजे एकाखाली एक अनेक नोंदी दाखवणाऱ्या फॉर्ममध्ये, तर हाच रस्ता, कोडने पिक्चर लावला तर सगळ्या ओळींवर एकच फोटो दिसतो. छापायच्या रिपोर्टची तक्रारही ह्यातच सुटली. तिथे फोटो डिटेल सेक्शनच्या ऑन फॉरमॅट इव्हेंटमधून लावला होता, आणि तो इव्हेंट प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये चालतो, रिपोर्ट व्ह्यूमध्ये चालत नाही, त्यामुळे स्क्रीनवर कोरा आणि कागदावर बरोबर असा प्रकार चालला होता. कंट्रोल सोर्स दिल्यावर दोन्हीकडे येतो. फोटोखालचं लेबल मात्र काढलं नाही, आता ते फाइल जागेवर आहे का एवढंच बघतं आणि नसेल तर नाव दाखवतं.

शेवटी ओएलईचं फील्ड टेबलातून काढलं, जुन्या बॅकएंडची कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवली, आणि मग कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवलं, ह्या वेळी त्याचा उपयोग होता, कारण मोकळी झालेली जागा त्याशिवाय फाइलमधून जात नाही. ज्या पार्टचे फोटो खरोखरच कुठे नव्हते त्यांची यादी काकांना काढून दिली, आधी एकसारख्या दिसणाऱ्या सीलची, मग बाकीची, आणि त्या क्रमाने त्यांनी नवीन फोटो काढायला घेतले.